आफ्टर इफेक्ट्स अपग्रेड करू का? बटण दाबायच्या आधी एवढं करून बघा

आफ्टर इफेक्ट्स म्हणजे अडोबी कंपनीचं ॲनिमेशन आणि व्हिडिओ इफेक्ट करायचं सॉफ्टवेअर. ते ज्यातून इन्स्टॉल होतं त्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमधे अपडेटचं बटण दिसलं की हात शिवशिवतो, मला माहितीये, माझाही शिवशिवतो, पण दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आठवडाभर आधी एका आरतीच्या लिरिकल व्हिडिओचं काम चालू असताना मी ते बटण दाबलं आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडला तर मागची सगळी दिव्यांची आरास गायब. ज्या पार्टिकल प्लगिनवर (ठिणग्या-ठिपके तयार करणारं वेगळं जोड-सॉफ्टवेअर) ती उभी केली होती त्याच्या नावापुढे इफेक्ट कंट्रोल्समधे "मिसिंग" लिहिलेलं. जुनं व्हर्जन ठेवलेलं नव्हतं कारण इन्स्टॉल करताना "आधीची व्हर्जन काढून टाका" ही टिक ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधे तशीच राहिली होती. मग रात्रभर जुनं व्हर्जन परत डाउनलोड, प्लगिन परत, सेटिंग परत. तेव्हापासून मी अपग्रेड कसं ठरवतो ते इथे लिहितोय, कुणाची तरी अशी एक रात्र वाचावी म्हणून.

आधी पैशाचं. सबस्क्रिप्शन असेल तर नव्या व्हर्जनचे वेगळे पैसे लागत नाहीत. २०१२ चं सीएस६ (क्रिएटिव्ह सूट ६) हे एकदाच पैसे भरून घ्यायचं शेवटचं व्हर्जन, २०१३ मधे अडोबीने सगळं सबस्क्रिप्शनवर नेलं. म्हणजे खर्च सॉफ्टवेअरचा नाही, प्लगिनच्या नव्या लायसन्सचा आहे, रॅमचा आहे आणि तुमच्या वेळेचा आहे, आणि हाच हिशोब लोक करत नाहीत.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा, मला आत्ता नक्की कशाचा त्रास होतोय? बहुतेकांचं उत्तर "स्लो चालतंय" हे असतं. ठीक आहे, पण स्लो कशामुळे ते आधी बघा. २०२२ किंवा त्यापुढचं व्हर्जन असेल तर टाइमलाइनच्या खाली डाव्या कोपऱ्यात गोगलगायीचं छोटं चित्र आहे, त्यावर क्लिक करा, प्रत्येक लेयरला आणि इफेक्टला किती वेळ लागतोय त्याचा कॉलम उघडतो. बरेचदा दिसतं काय, तर कुठल्यातरी एका लेयरवरचा ब्लर किंवा ग्लो सगळा वेळ खातोय, बाकी कॉम्प (कॉम्पोझिशन, म्हणजे सगळे लेयर मांडलेली टाइमलाइन) हलकंफुलकं आहे. तो लेयर प्रीरेंडर केला, म्हणजे आधीच त्याचा तयार व्हिडिओ करून ठेवला, की काम झालं, अपग्रेडची गरजच नाही. दुसरं कारण म्हणजे फुटेज. मोबाईलवर शूट केलेलं एच.२६४ या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमधलं, त्यात फ्रेम रेट कमीजास्त होणारा, ते सरळ टाइमलाइनवर टाकलं तर कुठलंही व्हर्जन रडणारच. आधी प्रोरेस किंवा डीएनएक्स या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमधे कन्व्हर्ट करा आणि मग बोला. डिस्क कॅशे (तयार झालेल्या फ्रेम साठवायची जागा) जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर न्या, एवढ्यानेसुद्धा फरक कळतो.

आता कोणत्या व्हर्जनमधे खरंच दम आहे ते सांगतो. ऑक्टोबर २०२१ मधे आलेल्या २२.० मधे (यालाच २०२२ म्हणतात) मल्टी-फ्रेम रेंडरिंग आलं, म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच वेळी वेगवेगळ्या फ्रेम करायला लागले. तुम्ही अजून त्याच्या मागे असाल आणि मशीन बऱ्यापैकी असेल तर माझ्या मते फार विचार करू नका, जा पुढे. पण यात एक ग्यानबाची मेख आहे, प्रत्येक फ्रेमला स्वतःची रॅम लागते. १६ जीबी हे अडोबीने सांगितलेलं कमीत कमी आहे, ३२ असेल तर खरी मजा. १६ वर आठ कोअर असूनही सगळे कामाला लागत नाहीत कारण रॅमच पुरत नाही. शिवाय जे जुने इफेक्ट मल्टी-फ्रेमला तयार नाहीत त्यांच्या नावापुढे इशाऱ्याचं चिन्ह दिसतं, तुमच्या टेम्पलेटमधे असे दोन-चार असतील तर वेग तिथेच अडतो.

व्हर्जन २३ मधे ट्रॅक मॅटची, म्हणजे एका लेयरच्या आकारात दुसरा लेयर दाखवायची, कटकट गेली. पूर्वी मॅट बरोबर वरच्याच लेयरला लागायचा, आता कुठलाही लेयर निवडा. ऐकायला छोटं वाटतं, पण टायटल करणाऱ्याला विचारा, एका मॅटच्या सहा-सहा कॉपी ठेवाव्या लागायच्या. २४ मधे रोटो ब्रश (फुटेजमधला माणूस किंवा वस्तू मागच्या दृश्यापासून कापून वेगळी करणारं टूल) सुधारला आणि पुढे थ्रीडी मॉडेल थेट आणता यायला लागलं, रोटोचं काम रोज असेल तर याला किंमत आहे, नसेल तर सोडून द्या. २५.२ मधे प्रीव्ह्यू फक्त रॅमवर अडून राहत नाही, डिस्क कॅशेतूनही प्ले होतो, त्यामुळे रॅम कमी पण एसएसडी वेगवान असेल त्यांना मी हे घ्याच म्हणेन.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी मात्र सगळ्यात मोठा मुद्दा वेगळाच आहे, तो म्हणजे देवनागरी. जुन्या व्हर्जनमधे युनिकोड पेस्ट केलं की जोडाक्षरं फुटायची, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची, म्हणून आपण वर्षानुवर्षं श्रीलिपीत (युनिकोड नसलेले जुने फॉन्ट) कन्व्हर्ट करून आणत होतो आणि एक शब्द बदलायचा तरी परत तोच फेरा. नव्या व्हर्जनमधे युनिकोड नीट बसतं, आणि 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक यांसारखे फॉन्ट सरळ वापरता येतात. फक्त या एका कारणासाठी अपग्रेड केलं तरी मला पटेल. पण विश्वास ठेवू नका, तपासा. एक टेक्स्ट लेयर घ्या आणि त्यात "चि.सौ.कां.", "कृपाशीर्वाद", "ज्येष्ठ", "श्रीकृष्णार्पणमस्तु" टाईप करा, मग अक्षर-अक्षर येणारं ॲनिमेशन लावा आणि एक-एक फ्रेम पुढे न्या. रफार कुठे जातो, जोडाक्षर मधेच तुटतं का ते तिथे कळतं, पत्रिकेचा व्हिडिओ नवरीच्या काकांनी बघितल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. नवं मेजर व्हर्जन जुन्याच्या शेजारी इन्स्टॉल करा, ती "काढून टाका"वाली टिक आठवणीने काढा. दोन्ही एका मशीनवर आरामात नांदतात. मग तुमचा सगळ्यात जड, सगळ्यात गचाळ जुना प्रोजेक्ट घ्या, कलेक्ट फाईल्स (प्रोजेक्टच्या सगळ्या फाईल एका फोल्डरमधे गोळा करणारी कमांड) करून कॉपी बनवा आणि नव्यात उघडा. उघडताना तो कन्व्हर्ट होतो, सेव्ह करताना वेगळ्या नावाने करा कारण नव्यात सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडत नाही. प्लगिन दिसत नसतील तर घाबरू नका, कॉमनच्या आतल्या मीडियाकोअर फोल्डरमधे टाकलेले दोन्ही व्हर्जनला दिसतात, पण आफ्टर इफेक्ट्सच्या स्वतःच्या प्लग-इन्स फोल्डरमधे टाकलेले नव्याला दिसत नाहीत, ते आणि स्क्रिप्टयूआय पॅनेल्समधल्या स्क्रिप्ट तुम्हालाच हलवाव्या लागतात. ॲपल सिलिकॉनचा (ॲपलच्या स्वतःच्या एम-सीरीज चिपचा) मॅक असेल तर प्लगिन त्याच्यासाठी नेटिव्ह आहेत का तेही बघा, नाहीतर रोझेटामधे, म्हणजे इंटेलसाठीचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीतून, चालवावं लागतं. आणि २०१८ च्या आधीचे टेम्पलेट असतील तर एक्स्प्रेशन (ॲनिमेशन चालवणारा छोटा कोड) एररची पट्टी येऊ शकते, तेव्हा प्रोजेक्ट सेटिंगमधे एक्स्प्रेशन इंजिन लेगसी एक्स्टेंडस्क्रिप्टवर करा, बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

मग तोच कॉम्प दोन्हीत रेंडर करा, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून. दोन्ही वेळा कॅशे रिकामा करून, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. जुन्यात १० मिनिटं आणि नव्यात ९ येत असतील तर त्या एका मिनिटासाठी सगळं सेटअप हलवू नका. ५ आली तर हलवा. वेळ बघून झाली की दोन्ही रेंडर वरखाली ठेवून ब्लेंडिंग मोड डिफरन्स करा, सगळं काळं दिसलं पाहिजे, कुठे काही चमकलं तर तिथे काहीतरी बदललंय.

वेळ कधीची निवडायची हे तर फारच महत्त्वाचं. मोठं व्हर्जन बरीच वर्षं ऑक्टोबरच्या आसपास यायचं, म्हणजे आपल्याकडे दिवाळी, मग तुळशीचं लग्न आणि लगेच लग्नसराई. चालू कामात हात घालू नका, सीझन उरकू द्या. तोपर्यंत नव्याचे एक-दोन छोटे अपडेट येऊन बग निघालेले असतात. टीममधे काम करत असाल तर सगळ्यांनी एकाच दिवशी बदला. एखादा क्लायंट जुन्यावरच असेल तर सेव्ह ॲजमधे मागच्या व्हर्जनसाठी कॉपी काढता येते, पण नवे फीचर त्यात टिकतील असं धरून चालू नका.

आणि त्रास सबस्क्रिप्शनचाच असेल तर दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर बघा, २०१८ पासून त्यात फ्युजन (इफेक्ट आणि मोशन ग्राफिक्सचा भाग) आतच आहे, फुकट व्हर्जन चांगलं चालतं आणि स्टुडिओ या विकतच्या व्हर्जनचे एकदाच पैसे, आतापर्यंत अपग्रेडला परत मागितलेले नाहीत. फक्त तिथेही नवं टाकायच्या आधी प्रोजेक्ट लायब्ररीचा बॅकअप घ्या, एकदा ती अपग्रेड झाली की जुन्या रिझॉल्व्हमधे परत उघडत नाही. फ्युजनमधे लेयरऐवजी नोड (एकमेकांना जोडायचे ठोकळे) असतात, त्यांची सवय व्हायला वेळ लागतो, तो गृहीत धरा.

जुनं आफ्टर इफेक्ट्स मी स्वतः शेवटच्या चालू कामाचं पेमेंट जमा होईपर्यंत ठेवतो. डिलिव्हरी झाली म्हणून काढलं की तिसऱ्या दिवशी फोन येतो, "दादा, तेवढं आजोबांचं नाव बदलून द्या ना."