परदेशातून कामाचं यंत्र मागवताना: आधी एचएस कोड, मग ऑर्डर

यंत्र कोणतं, कोणाकडून आणि पैशांची सोय काय, हे तुम्ही ठरवलेलं असणार. त्यापुढचं सांगतो. त्यात सर्वांत महत्त्वाचा एचएस कोड, म्हणजे माल कोणत्या प्रकारचा हे कस्टम्सला सांगणारा वर्गीकरणाचा क्रमांक.

वीज. यंत्र ६० हर्ट्झचं आणि तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची असेल, तर "ट्रान्सफॉर्मर लावून घ्या" हा सल्ला ऐकू नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. थेट जोडलेली साधी एसी मोटर जवळपास एक षष्ठांश हळू फिरेल आणि व्होल्टेज त्या प्रमाणात कमी केलं नाही तर तापेलही. तुमच्या विजेसाठीच बनवलेलं मॉडेल मागा आणि ऑर्डर देण्यापूर्वी नेमप्लेटचा फोटो मागवा.

कोटेशन. दर कोणत्या इन्कोटर्मवर दिलाय ते आधी बघा. इन्कोटर्म म्हणजे वाहतुकीचा खर्च आणि जोखीम कुठपर्यंत विक्रेत्याची आणि कुठून तुमची, हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय अट. सध्याची आवृत्ती २०२०ची, अटी एकूण ११. ईएक्सडब्ल्यूचा (माल विक्रेत्याच्या दारातूनच तुम्ही उचलायचा) आकडा सर्वांत कमी दिसतो, पण त्यात विक्रेत्याच्या देशातली निर्यातीची कागदपत्रंही तुमच्या गळ्यात पडतात. कंटेनरमधून येणाऱ्या मालाला एफओबी (विक्रेत्याची जबाबदारी माल जहाजावर चढेपर्यंत) नको, एफसीए (ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या हवाली करेपर्यंत) घ्या. सीआयएफमध्ये (दरात विमा आणि जहाजभाडं धरलेलं) विक्रेत्याला फक्त किमान विमा काढावा लागतो, म्हणजे 'क्लॉज सी', आणि त्यात चोरी धरलेली नसते. नाजूक यंत्राला 'क्लॉज ए', म्हणजे सर्वांत व्यापक विमा, हवाच.

एचएस कोड. खरी अडचण इथे आहे. मला स्वतःला हा टप्पा समजायला बराच काळ लागला, कारण जो तो एकच सांगायचा: "विक्रेत्याने दिलेला कोड टाका." हा सल्ला घातक आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या या पद्धतीत फक्त पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात. पुढचे अंक प्रत्येक देशाचे आपापले, आणि शुल्काचा दर बऱ्याचदा त्याच अंकांवर ठरतो. विक्रेता त्याच्या निर्यातीला सोयीचा कोड लिहितो. चुकीचा निघाला तर फरकाची रक्कम आणि दंड तुम्ही भरता, तो नाही.

कोड ठरवताना यंत्राच्या नावावर जाऊ नका, ते काय काम करतं ते बघा. कोडचे पहिले चार अंक म्हणजे गट. धातूकामाचं मशीनिंग सेंटर ८४५७मध्ये, लेथ ८४५८मध्ये, पण त्यात बसवायची कापणारी टूल्स ८२०७मध्ये. आता सुट्या भागांचं घ्या. यंत्राचा भाग आहे म्हणून तो यंत्राच्याच गटात जाईल असं लोक गृहीत धरतात. तसं होत नाही. बॉल किंवा रोलर बेअरिंग कोणत्याही यंत्रातलं असो, ते ८४८२. विजेची मोटर ८५०१. द्रवाचा पंप ८४१३. ज्या वस्तूला स्वतःचा गट आहे, ती त्याच गटात जाते. दुसऱ्या कशातच न बसणारा, खास त्या यंत्रासाठीच बनलेला भाग मात्र यंत्राच्या 'भाग' या गटात जातो. एकाच इनव्हॉइसवर दहा ओळी आणि सगळ्यांपुढे एकच कोड दिसला, की तो कागद तपासणीसाठी बाजूला काढला जाऊ शकतो आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक, ज्याबद्दल कोणी सांगत नाही. मोठं यंत्र सुटं करून पेट्यांमध्ये येतं. सगळ्या पेट्या एकाच वेळी कस्टम्ससमोर आल्या, तर वर्गीकरणाच्या सामान्य नियम २(अ)प्रमाणे ते पूर्ण यंत्रच धरलं जातं. विक्रेत्याने "जागा नाही, उरलेलं पुढच्या जहाजाने पाठवतो" म्हटलं, की प्रत्येक खेप स्वतंत्र, म्हणजे पूर्ण यंत्राऐवजी सुटे भाग म्हणून, बघितली जाऊ शकते. म्हणून 'एकाच खेपेत पाठवायचं' हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. तोंडी कबुलीवर विसंबू नका.

इनव्हॉइसवर 'मशीन पार्ट्स' एवढंच लिहू देऊ नका. वस्तू काय, कशापासून बनली, काय काम करते, मॉडेल, सीरियल नंबर, मूळ देश, सगळं हवं. मूळ देश म्हणजे जिथे ती बनली तो, जिथून जहाज निघालं तो नव्हे. आणि किंमत खरी लिहा. कमी दाखवून देतो म्हणणारा विक्रेता तुमच्यावर उपकार करत नाही. विम्याचा दावाही त्याच कागदावर उभा राहतो.

शंका राहिली तर अनेक देशांत माल निघण्यापूर्वीच कस्टम्सकडून लेखी निर्णय मिळतो, ज्याला ॲडव्हान्स रूलिंग म्हणतात. वेळ लागतो, पण महाग यंत्रासाठी मी तो घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवूच नका म्हणेन. कस्टम्सची कामं करून देणारा एजंट फोनवर "होऊन जाईल" म्हणाला म्हणजे निर्णय झाला असं नाही. त्याला कोड आणि त्यामागचं कारण ईमेलवर मागा. देत नसेल तर एजंट बदला.

पॅकिंग. लाकडी पेटीवर आयएसपीएम १५चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का हवा. शिक्क्यावरचं 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. शिक्का नसेल तर आतलं यंत्र कितीही चोख असलं तरी पेटी अडते. यंत्रात लिथियम बॅटरी असेल तर वाहतूक कंपनीला बुकिंगच्या आधीच सांगा.

वाहतूक. विमानाचं भाडं बहुधा वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. एक घनमीटर साधारण १६७ किलो धरतात. त्यामुळे हलकं पण अवाढव्य यंत्र समुद्रानेच आणा.

ताबा. सही करण्याआधी प्रत्येक पेटीचे चारही बाजूंनी फोटो काढा, आणि कोपरा चेपलेला दिसला तर पावतीवरच तसं लिहा. आतलं नुकसान बाहेरून दिसत नाही, म्हणून पेट्या लगेच उघडा. समुद्री वाहतुकीत अशा नुकसानीची लेखी सूचना सहसा ताबा घेतल्यापासून ३ दिवसांत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत माँट्रियल करारानुसार १४ दिवसांत. बसवणारा तंत्रज्ञ पुढच्या महिन्यात येणार असला, तरी पेट्या त्याच्यासाठी बंद ठेवू नका.