तलावावरच्या हॉटेलच्या बैठकीला येण्याआधी

आपल्या तलावाच्या पाळीवर जुन्या उपाहारगृहाच्या जागी हॉटेल येऊ घातलं आहे, त्याची बैठक पुढच्या शनिवारी दुपारी 4 वाजता पाळीवरच ठेवली आहे. मे महिन्यात, नागपुरात, दुपारी 4 वाजता उघड्यावर बैठक ठेवणाऱ्याला लोक यायला हवे आहेत की नको, ते त्यालाच माहीत. आपण जायचं आहे. दुपट्टा बांधा, पाण्याची बाटली घ्या, आणि या वेळी हातात कागद घेऊन या.

कारण मागच्या बैठकीत आपण रिकाम्या हातांनी गेलो होतो. पडद्यावर चित्र दाखवलं: काचेचं दुमजली हॉटेल, पाण्यावर आलेला लाकडी कट्टा, खाली निळंशार पाणी. आपल्या तलावाचं पाणी निळं झालेलं कोणी पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं. मग तासभर आपण त्या चित्रावर भांडलो. कोणाला काच नको होती, कोणाला जुन्या उपाहारगृहातली भजी आठवली, कोणी पार्किंगवर घसरलं. जागा कोणाची, करार किती वर्षांचा, भाडं किती, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. समोसे खाल्ले, उपस्थितीपत्रकावर सही केली आणि घरी आलो. दोन महिन्यांनी कळलं की तेच पत्रक फाइलमध्ये ‘स्थानिक नागरिकांची सहमती’ म्हणून लागलेलं आहे.

हॉटेलला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. पाळीवर चार माणसं बसून चहा प्यायली तर तलावावर लक्ष राहतं. जुनी जागा बंद पडल्यापासून तिथे पत्र्यांच्या आड काय चालतं ते सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक आहे. तक्रार एवढीच आहे की चित्र दाखवतात आणि करार दाखवत नाहीत.

तर पहिलं काम जागेचं. तलाव ‘सरकारी’ आहे एवढ्यावर थांबू नका. नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची आखीव पत्रिका, म्हणजे मालकी दाखवणारा उतारा, काढा. मौजा आणि खसरा क्रमांक लागतो, तो जुन्या ले-आउटच्या नकाशावर सापडतो. जमीन नझूलची (शहरातली शासकीय जमीन) निघते, महापालिकेची निघते, नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) निघते, कधी भलत्याच खात्याची. आपल्याच शहरातल्या फुटाळा तलावाचं बघा. तलाव भोसल्यांच्या काळातला, 1799 चा. मालकी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, आणि कारंजं व प्रेक्षक गॅलरीचं काम नासुप्र आणि महामेट्रोकडे. एका तलावाला इतके हात लागलेले असतात, म्हणून ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलून राहिले?’ हा शनिवारचा पहिला प्रश्न. मालक एक, निविदा काढणारा दुसरा असेल, तर मालकाने दिलेलं परवानगीपत्र किंवा ठराव मागायचा. जागा महापालिकेची असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 79 वाचून या. पालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्याने द्यायची तर कोणाची मंजुरी लागते आणि मोबदला बाजारभावापेक्षा कमी का चालत नाही, ते तिथे लिहिलेलं आहे. मार्च 2022 पासून तीन वर्षांहून जास्त काळ नागपूर पालिकेत प्रशासक होते. त्या काळातला ठराव पुढे केला तर त्यावर सही कोणाची आणि कोणत्या अधिकारात, तेही बघा.

आखीव पत्रिकेबरोबर नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशाही घ्या. जागा उद्यानासाठी राखीव असेल आणि तिथे व्यापारी बांधकाम येत असेल, तर आरक्षणात फेरबदल झाला का, झाला असेल तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली जाहीर सूचना निघाली का, हरकती कोणी घेतल्या, एवढं विचारलं तरी समोरचा माणूस फाइल उघडतो.

आता फाइलचं. माहिती अधिकाराचा अर्ज आज टाकला तरी उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे आणि बैठकीला बाराच दिवस उरलेत. तरी अर्ज टाकायचाच, कारण बैठकीत ‘अर्ज प्रलंबित आहे’ असं म्हणता येतं, आणि पुढे अपिलात जायचं तर सुरुवात कुठून तरी व्हावी लागते. पण शनिवारसाठी उपयोगी पडेल तो सोमवार. 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघता येतात. दोन सोमवार हातात आहेत. दोघांनी जोडीने जायचं, एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. परिपत्रकाची प्रत खिशात असू द्या, कारण खिडकीवर बसलेल्या भाऊंना ते ठाऊक असेलच असं नाही. आवाज चढवायचा नाही, प्रत पुढे सरकवायची.

नस्ती, म्हणजे फाइल, हातात आली की आधी पानांचे क्रमांक बघा. 41 नंतर 47 येत असेल तर तेवढंच वहीत लिहा आणि तारीख टाका. मग टिपणीची पानं. पत्रव्यवहार सगळे वाचतात, टिपणी कोणी वाचत नाही. खरी गोष्ट तिथे असते: कोणी शेरा मारला, कोणी ‘चर्चा करावी’ लिहून फाइल परत पाठवली, आणि मग चारच दिवसांत सगळ्यांच्या सह्या कशा झाल्या. निविदेची जाहिरात कोणत्या तारखेची, निविदा भरायला दिवस किती दिले, शुद्धिपत्रक किती वेळा निघालं आणि त्यात नेमकी कोणती अट बदलली, निविदा किती आल्या, तांत्रिक छाननीत बाद किती झाल्या, एवढं टिपलं की पुष्कळ झालं. शेवटच्या आठवड्यात उलाढालीची अट बदललेली दिसली तर तिथे मोठा गोल काढा. अट बदलली म्हणजे भानगड झालीच असं नाही. कारण मात्र विचारता येतं.

अर्ज लिहिताना ‘का’ विचारू नका. ‘जुने उपाहारगृह का पाडले’ याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, आणि मिळालं तरी कामाचं नसतं. कागद मागा: निविदा सूचना, तुलनात्मक तक्ता, करारनामा त्याच्या जोडपत्रांसह, कार्यादेश, बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून निवेदनाची भाषा त्यात ओतू नका. जमिनीचा अर्ज वेगळा, कराराचा वेगळा, पाण्याचा वेगळा. प्रत्येकावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र ‘अ’. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील. ‘व्यावसायिक गोपनीयता’ म्हणून करार नाकारला तर घाबरू नका. ते कलम 8(1)(घ). मोठं सार्वजनिक हित असेल तर तीही माहिती द्यावी लागते, असं त्याच कलमात आहे. आणि कलम 10 प्रमाणे गोपनीय तेवढं झाकून बाकीचं देता येतं. सार्वजनिक जागेचं भाडं किती ठरलं, हे कोणाचं गुपित असू शकतं ते मला तरी समजत नाही.

करारावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो. वर्षं किती, हे पहिलं. मुदतवाढीचं कलम कुठे आहे आणि ती देणार कोण, हे दुसरं, कारण ‘10 वर्षे, परस्पर संमतीने वाढवता येतील’ याचा अर्थ 30 वर्षं असा होऊ शकतो. मग भाडं दरवर्षी वाढतं का. हे साधं वाटतं म्हणून कोणी बघत नाही. उदाहरणादाखल समजा महिन्याला 1 लाख भाडं आहे आणि करार 30 वर्षांचा. भाडं तेवढंच राहिलं तर एकूण 3 कोटी 60 लाख. दरवर्षी 5 टक्के वाढ असेल तर तेच जवळजवळ 8 कोटी होतात. एका ओळीच्या अटीत एवढा फरक. कॅल्क्युलेटर घेऊन या, मोबाइलमधला चालेल. पुढे अनामत किती, पोटभाडेकरू ठेवता येतो का (म्हणजे निविदा एकाने भरायची आणि हॉटेल दुसऱ्यानेच चालवायचं), भाडं थकलं तर काय, आणि मुदत संपल्यावर इमारत कोणाची. याच करारात आपल्या कामाची आणखी एक ओळ असायला हवी: पाळीवरचा फिरायचा रस्ता सगळ्या वेळी सगळ्यांना मोकळा राहील. तोंडी आश्वासनं पुष्कळ मिळतील. ‘कोणत्या पानावर आहे?’ एवढंच म्हणायचं.

पाण्याकडे येऊ. माझा मुंबईचा साडू फोनवर म्हणाला, सीआरझेडचा (किनारपट्टी नियमन क्षेत्राचा) मुद्दा उचला. ते कायदे समुद्रकाठचे आणि खाडीचे. फुटाळ्याला आपण चौपाटी म्हणतो म्हणून तिथे भरती-ओहोटी येत नाही. ‘पाणथळ’ हा शब्दही पाठ करून येऊ नका. 2017 च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटाळ्याच्याच प्रकरणात तो तलाव त्या नियमांखालची पाणथळ जागा नाही असं म्हटलं. पण त्याच निकालात आपल्या उपयोगाचंही आहे. सरकार अशा जागेचं विश्वस्त असतं, हे तत्त्व न्यायालयाने मानवनिर्मित तलावांनाही लागू धरलं. ते वाक्य छापून आणा, पाणथळीवर वेळ घालवू नका.

त्यापेक्षा साधे प्रश्न ठेवा. स्वयंपाकघराचं सांडपाणी कोणत्या गटारात जोडणार? तेलकट पाणी अडवायची टाकी मंजूर नकाशात आहे का? आणि सांडवा. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा नाग नदीच्या काठची घरं कशी पाण्यात गेली ते आपण पाहिलं, काहींनी तर स्वतःच्या बैठकीतला सोफा तरंगताना पाहिला. तलावाचं जादा पाणी जिथून निघतं तिथे खांब, भिंत, कट्टा काहीही येणार असेल तर जलसंपदा किंवा तत्सम खात्याचा अभिप्राय फाइलमध्ये हवा. यासाठी शुक्रवारी सकाळी 6 वाजता टेप घेऊन आपण पाळीवर जाऊ. सांडव्यापासून पत्र्यांपर्यंतचं अंतर मोजू, फोटो काढू. ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांनी तलावाकाठचे फोटो शोधून ठेवा. लग्नाआधीचे असले तरी चालतील, आम्ही फक्त मागची पाळ बघू.

कणीसवाले, चहावाले, फुगेवाल्या मावशी यांना बैठकीची खबर कोणी दिलेली नाही, ते मी विचारून आलो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली सर्वेक्षणात नाव आहे का, प्रमाणपत्र मिळालं का, हे त्यांना विचारून त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स कोणीतरी काढून ठेवा. खर्च वर्गणीतून.

बैठकीत तिघांनीच बोलायचं, प्रत्येकाने एक विषय: जमीन, करार, पाणी. बाकीच्यांनी ऐकायचं, हे आपल्याला सगळ्यात अवघड जाणार आहे. प्रश्न आधीच लेखी देऊ, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेऊ. जागेवर शिक्का नाही म्हणाले तर सोमवारी कार्यालयात जाऊन पोच घेऊ. इतिवृत्त कोण लिहिणार आणि कधी मिळणार, हे सुरुवातीलाच विचारायचं. उपस्थितीपत्रकावर सही करा, पण नावापुढे स्वतःच्या अक्षरात ‘फक्त उपस्थित, सहमती नाही’ असं लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा. समोसे खायला हरकत नाही.

10 रुपयांची कोर्ट फी तिकिटं मी सहा आणून ठेवली आहेत, जोडपत्र ‘अ’च्या कोऱ्या प्रतीही आहेत. ज्यांना पाहिजे त्यांनी सकाळी 9 च्या आत घरी यावं. नंतर मी कूलरसमोरून उठत नाही.