मणक्याची दुखापत आणि पहिले २४ तास : या चुका टाळा

माडावरून पडलेला पाडेली, आंबे उतरवताना फांदीसकट खाली आलेला गडी किंवा उथळ पाण्यात सूर मारणारा चाकरमान्याचा मुलगा यांचे पाय हलत नाहीत असे दिसताच घरची माणसे त्यांना काखेत धरून उठवतात आणि रिक्षात बसवतात. मोडलेला मणका अशा हालचालीने सरकून मज्जारज्जूला (मणक्यांतून जाणाऱ्या नसांच्या दोरीला) आणखी इजा होऊ शकते. मान व धड एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकाच वेळी वळवून रुग्णाला फळीवर घ्यावे. ते जमत नसेल, तर १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला हलवू नये.

दुसरी चूक वेळ मोजण्याची आहे. मज्जारज्जूवरचा दाब काढणारी शस्त्रक्रिया शक्यतो २४ तासांच्या आत करावी, असे सांगितले जाते. हे २४ तास रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्हे, तर इजा झाल्यापासून धरायचे असतात. सकाळी पडलेला माणूस दुपारी तालुक्याला, संध्याकाळी जिल्ह्याला आणि रात्री आंबा घाट चढून कोल्हापूरला पोहोचला, की निम्मी मुदत वाटेतच संपते. म्हणून एमआरआय, मणक्याचे सर्जन आणि अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी कोठे मिळतील, हे पहिल्याच डॉक्टरांना विचारावे आणि निघण्यापूर्वी तेथे फोन करवून घ्यावा. सावंतवाडीकडच्या रुग्णाला घाट चढण्यापेक्षा गोव्यातील बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ पडते.

‘सूज उतरू द्या, मग बघू’ हा सल्ला मात्र सर्वांत महाग पडतो. आघाताने झालेली पहिली इजा परत फिरवता येत नाही. पण सरकलेले हाड किंवा मणक्यांमधली चकती मज्जारज्जू दाबून ठेवते, रक्तपुरवठा घटतो, सूज वाढते आणि वाचलेल्या पेशीही मरू लागतात. शस्त्रक्रियेने हा दाब काढायचा असतो, त्यामुळे सूज हे सहसा थांबण्याचे कारण ठरत नाही. मानेच्या दुखापतींवरील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांनी (हातापायांची ताकद व संवेदना मोजण्याच्या पाच श्रेणींच्या मापावर) किमान दोन श्रेणींची सुधारणा २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९.८ टक्क्यांत, तर उशिरा झालेल्यांपैकी ८.८ टक्क्यांत आढळली. रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे लक्षात घेऊनही हा फरक सोडून देण्याजोगा वाटत नाही.

घाई म्हणजे तपासणी वगळणे नव्हे. मानेच्या इजेत रक्तदाब आणि नाडी दोन्ही उतरू शकतात, श्वासही कमी पडतो. ते सावरल्याविना घाटात गाडी घालणे किंवा भूल देणे धोक्याचे असते. वयस्कर माणसाच्या एक्स-रेत हाड मोडलेले दिसले नाही, तरी हातांची ताकद गेली असल्यास एमआरआय टाळू नये.

मुदत उलटली म्हणून रुग्णाला घरी नेणे ही शेवटची चूक होय. दाब काढून आणि मणका स्थिर करून त्याला लवकर बसवता येते, त्यामुळे अंथरुणातील जखमा व न्यूमोनिया यांचा धोका घटतो.