अस्तराचा तुकडा तपासायला देताना

हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये माझ्या टेबलावर रोज बाटल्या येतात. आत फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं द्रव, आणि तळाशी लालसर, लिबलिबीत दोन-तीन तुकडे: गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी. सोबतच्या फॉर्मवर ‘मूल होत नाही, एंडोमेट्रिओसिसची शंका’ असं लिहिलेलं असतं आणि शेवटच्या पाळीच्या तारखेची जागा कोरी. मग मी दवाखान्यात फोन लावते. हल्ली काही डॉक्टर याच तुकड्यावर प्रथिनांची तपासणीही मागतात, आणि तिथे तर तारखेवाचून पान हलत नाही. म्हणून ज्यांचा नमुना घेतला जाणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी तारखेचं का एवढं, ते बघू. पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर अस्तर इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतं. स्त्रीबीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा अंमल सुरू होतो आणि अस्तरातली प्रथिनं दिवसागणिक बदलतात. बीटा-३ इंटेग्रिन हे गर्भ रुजण्याच्या दिवसांतलं प्रथिन घ्या. २८ दिवसांच्या चक्रात ते साधारण २०व्या दिवसाच्या आसपास दिसू लागतं. १६व्या दिवशी घेतलेल्या तुकड्यात ते नसेल तर काहीच बिघडलेलं नाही. २३व्या दिवशी नसेल तर मात्र विचार करावा लागतो. स्लाइड दोन्ही वेळा सारखीच दिसेल, प्रथिनाचा तपकिरी रंग नसलेली, नुसती निळी.

एंडोमेट्रिओसिसमध्ये अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर किंवा ओटीपोटात वाढतात. पण आतलं, जागच्या जागी असलेलं अस्तरही अनेकींमध्ये वेगळं वागतं. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन व्यवस्थित असतं, पण अस्तर त्याचं ऐकत नाही. याला प्रोजेस्टेरॉन रेझिस्टन्स म्हणतात. मग बीटा-३ इंटेग्रिन आणि हॉक्सए-१० ही प्रथिनं वर यायला हवी तेव्हा पुरेशी वर येत नाहीत. इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेनचा संदेश घेणारं प्रथिन, त्या दिवसांत कमी व्हायला हवा, तो टिकून राहतो. बीसीएल-६ हे आणखी एक प्रथिन वाढतं. निरोगी अस्तरात सहसा न सापडणारं अरोमाटेज, म्हणजे इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम, काहींच्या अस्तरात सापडतं. प्रत्येकीत हे सगळं असतं असं मात्र नाही.

आता तयारी. पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. पाळी अनियमित असेल तर तेवढ्यावर भागत नाही. मेडिकलमध्ये लघवीतलं एलएच, म्हणजे स्त्रीबीज सुटायच्या आधी वाढणारं हार्मोन, बघायची पट्टी मिळते. ती पॉझिटिव्ह आली तो दिवस लिहा, किंवा फॉलिक्युलर स्टडी (स्त्रीबीजाची वाढ सोनोग्राफीने बघणं) चालू असेल तर सोनोग्राफीचे कागद सोबत न्या. गर्भ रुजण्याच्या काळातली प्रथिनं बघायची असतील तर नमुना साधारणपणे एलएच वाढल्यानंतर आठवड्याभराने घेतात. हेच गर्भधारणेचेही दिवस असल्यामुळे त्या महिन्यात गर्भनिरोधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

औषधं लपवू नका, विसरूही नका. डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, मिरेना, ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन या सगळ्यांनी अस्तर बदलतं आणि प्रथिनांचा अर्थ लावणं अवघड होतं. मनाने गोळ्या बंद करू नका. शेवटची गोळी किंवा इंजेक्शन कधी घेतलं ते फॉर्मवर लिहायला सांगा.

बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्या हाती दिली जाते. नाव झाकणावर नव्हे, बाटलीच्या अंगावर आहे ना ते बघा. झाकण घट्ट असावं आणि फॉर्मॅलिन तुकड्यांच्या निदान दसपट. फ्रिजमध्ये ठेवायचं काही कारण नाही. आपल्याकडे अस्तराचा तुकडा टीबीसाठीही पाठवतात, आणि इथे हमखास घोळ होतो. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर वाढत नाही. दोन्ही तपासण्या सांगितल्या असतील तर ‘दोन वेगळ्या बाटल्या आहेत ना?’ एवढं विचाराच.

लॅबमध्ये तुकडा मेणात बसवतो (याला ब्लॉक म्हणतात), त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काढतो आणि हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी घालतो. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकी केंद्रकं निळी राहतात. बीसीएल-६ केंद्रकात असतं, त्यामुळे ग्रंथीच्या कडेने तपकिरी ठिपक्यांची ओळ दिसते. रंग किती गडद आणि किती टक्के पेशींत, यावरून एच-स्कोअर हा आकडा काढतात. रिपोर्ट हाती आला की आकड्याआधी तीन गोष्टी शोधा: चक्राचा दिवस दिला आहे का, रंग ग्रंथींत आहे की स्ट्रोमात (ग्रंथींच्या भोवतालच्या ऊतीत) हे लिहिलं आहे का, आणि कंट्रोल स्लाइड, म्हणजे रंग नीट चढतो का हे बघायची तुलनेची स्लाइड, बरोबर आली का. यातलं काही नसेल तर पॅथॉलॉजिस्टना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

या रिपोर्टवरून एंडोमेट्रिओसिसचं निदान करू नये. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात अस्तरातले कितीतरी मार्कर, म्हणजे आजाराची खूण ठरू शकणारे घटक, तपासले गेले. पीजीपी ९.५ (मज्जातंतूंत सापडणारं प्रथिन) आणि अरोमाटेज आशादायक वाटले, तरी दवाखान्यात वापरण्याइतका पुरावा एकाचाही निघाला नाही. वंध्यत्वावर काम करणाऱ्या युरोपातल्या एश्रे संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्टच सांगतात की निदानासाठी अस्तरातले किंवा रक्तातले मार्कर वापरू नका. अरोमाटेज फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) आणि अ‍ॅडिनोमायोसिसमध्येही (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरतं तेव्हा) सापडतं. बीसीएल-६ वाढलेलं असणं म्हणजे एंडोमेट्रिओसिस आहेच असं नव्हे. तुम्हाला कोणी महागडी प्रथिन तपासणी सुचवली, तर ‘हिच्या निकालाने माझ्या उपचारात काय बदलेल?’ हे पैसे भरायच्या आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा.

उलट बाजू मला जास्त काळजीची वाटते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून पाळीत लोळायला लावणारं दुखणं खोटं ठरत नाही. शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, पाळीत दर महिन्याला सुट्टी काढावी लागत असेल, तर हा आजार ओळखणाऱ्या सोनोग्राफी तज्ज्ञाकडून योनीमार्गे तपासणी, गरज पडली तर एमआरआय, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर दुर्बिणीतून तपासणी, हा रस्ता आहे. जगभरात अंदाजे १९ कोटी बायका आणि मुलींना हा आजार आहे. ‘लग्न झालं की बरं होईल’ हे त्यांच्यातल्या कोणाचंही औषध नाही.

तपासणी झाल्यावर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर त्याच ब्लॉकमधून पुन्हा काप काढता येतात, नवा तुकडा घ्यावा लागत नाही. ब्लॉक कोरड्या, थंड जागी, रिपोर्टच्या झेरॉक्ससोबत ठेवा. मेण साधारण ५६ ते ५८ अंशांना वितळतं, तेव्हा मे महिन्यात बंद गाडीत विसरू नका.