चाळीस मिनिटांचा निबंध आणि ‘शाप की वरदान’ची सवय

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पूर्वार्धात विजेपासून अवकाशयानापर्यंतचे वरदान, उत्तरार्धात अणुबाँब आणि प्रदूषण यांचा शाप, आणि शेवटी ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र असून सारे काही ते वापरणाऱ्याच्या हाती आहे’ असा समारोप. या साच्यावर आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी चांगले गुण मिळवले आहेत. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी एसीटी ही परीक्षा देणारा मराठी घरातील विद्यार्थी जेव्हा तिच्या लेखनविभागाचा पहिला सराव-निबंध लिहितो, तेव्हा हाच साचा इंग्रजी वाक्यांचा वेष घेऊन कागदावर उतरतो, असे मला असे निबंध तपासताना वारंवार आढळले आहे. न्यू जर्सीत वाढलेली मुलेही याला अपवाद नाहीत, कारण त्यांचा पहिला सराव-निबंध बहुधा आई किंवा बाबाच तपासतात.

या परीक्षेतील निबंध सुधारायचा असेल, तर सर्वप्रथम हा साचा मोडावा लागतो. ते काम दहा नव्या विषयांवर दहा निबंध लिहून होत नाही. एकच निबंध तीनदा लिहिल्याने होते. पुढील विवेचन त्या पुनर्लेखनाविषयी आहे. निबंध अर्थातच इंग्रजीत लिहायचा असतो, परंतु युक्तिवादाचा सांगाडा भाषेवर अवलंबून नसल्यामुळे येथील नमुने मराठीत दिले आहेत.

परीक्षेला काय हवे असते

एसीटीचा लेखनविभाग ऐच्छिक असून त्यासाठी ४० मिनिटे मिळतात. बहुसंख्य महाविद्यालये आता त्याची सक्ती करीत नाहीत, त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी ज्या संस्थांकडे अर्ज करायचा आहे त्यांचे नियम पाहून घ्यावेत. सप्टेंबर २०१५ पूर्वी हा निबंध ३० मिनिटांचा होता आणि त्यात शाळेशी संबंधित एखाद्या प्रश्नावर बाजू घ्यायची असे. आता एका सार्वजनिक प्रश्नाची थोडक्यात ओळख आणि त्यावरील तीन दृष्टिकोन दिलेले असतात. विद्यार्थ्याने स्वतःची भूमिका मांडून तिचा त्यांपैकी किमान एका दृष्टिकोनाशी असलेला संबंध तपासायचा असतो. प्रत्येक निबंध दोन परीक्षक वाचतात आणि विचार व विश्लेषण, विस्तार व आधार, मांडणी, आणि भाषावापर या चार अंगांसाठी प्रत्येकी १ ते ६ गुण देतात. दोघांच्या गुणांची बेरीज होऊन प्रत्येक अंगाला २ ते १२ गुण मिळतात आणि चारही अंगांची सरासरी हा लेखनाचा अंतिम गुण ठरतो. दोन परीक्षकांत एका गुणाहून अधिक अंतर पडल्यास तिसऱ्याकडून निर्णय घेतला जातो.

बाजारात आणि इंटरनेटवर अजूनही एसएटी या अमेरिकेतील दुसऱ्या प्रवेश-परीक्षेच्या जुन्या निबंधाची मार्गदर्शके सापडतात, त्यांपासून सावध राहावे. तो निबंध मार्च २००५ मध्ये २५ मिनिटांच्या सक्तीच्या लेखनाच्या रूपाने आला, मार्च २०१६ पासून ऐच्छिक झाला आणि त्याचे स्वरूपही दिलेल्या उताऱ्यातील युक्तिवादाचे विश्लेषण करण्याचे झाले. २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षार्थींसाठी तो बंदच झाला. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील लेखनाचे अध्यापक लेस पेरलमन यांनी २००५ मध्येच दाखवून दिले होते की त्या निबंधाचे गुण त्याच्या लांबीबरोबर वाढत जातात. ‘पाने भरा, गुण मिळवा’ हा सल्ला तेथूनच पसरला असावा, असा माझा तर्क आहे. एसीटीतही अर्ध्या पानाच्या निबंधाला फारसे काही मिळत नाही हे खरे. परंतु लांबी हे चांगल्या विस्ताराचे फळ असते आणि फळ आधी तोडून झाडाला बांधता येत नाही.

पहिला खर्डा कसा तपासावा

पहिला निबंध घड्याळ लावूनच लिहावा आणि लगेच वाचू नये. दुसऱ्या दिवशी तो हातात घेऊन प्रथम एकच काम करावे: ज्या एका वाक्यात आपली भूमिका आहे ते अधोरेखित करावे. असे वाक्य शेवटच्या परिच्छेदात सापडले, तर निबंध वाचकाला पटवण्यासाठी लिहिलेला नसून लेखकाने स्वतःला पटवण्यासाठी लिहिला आहे, असे समजावे. हे घडणे स्वाभाविक आहे, कारण लिहिता लिहिताच विचार स्पष्ट होतो. उपायही सोपा आहे: ते शेवटचे वाक्य उचलून पहिल्या परिच्छेदात नेऊन ठेवावे आणि उरलेला निबंध त्या वाक्याच्या सेवेत पुन्हा लिहावा.

त्यानंतर अधोरेखित वाक्याला एक प्रश्न विचारावा: हे वाक्य ऐकून एखादा शहाणा माणूस ‘मला हे मान्य नाही’ असे म्हणू शकेल का? एसीटीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या नमुना-विषयात बुद्धिमान यंत्रांचा प्रश्न आहे. त्यातील पहिला दृष्टिकोन म्हणतो की माणसांच्या जागी यंत्रे आणताना आपण आपल्या माणुसकीचा काही अंश गमावतो. दुसऱ्याच्या मते पुनरावृत्तीची किंवा अतिवेगाची व अचूकतेची कामे यंत्रे अधिक चांगली करतात आणि त्यातून समृद्धी येते. तर तिसऱ्याला वाटते की अशी यंत्रे माणूस म्हणजे काय याविषयीच्या जुन्या कल्पनांना आव्हान देतात आणि ते इष्टच आहे. यावर ‘यंत्रांचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत, म्हणून त्यांचा वापर जपून करावा’ असे लिहिले, तर त्याला कोणीही नकार देणार नाही. ज्याला कोणी नकार देऊ शकत नाही, ते कोणाला पटवूनही देता येत नाही.

‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ असे म्हणण्यास मात्र बंदी नाही. कोणत्या परिस्थितीवर आणि का, हे सांगितले की तीच भूमिका धारदार होते. उदाहरणार्थ: ‘ज्या कामात माणसाला केवळ उत्तर हवे असते ते यंत्राकडे खुशाल सोपवावे, परंतु ज्या कामात त्याला उत्तरामागचे कारण विचारण्याचा हक्क आहे, त्या कामासमोर जबाबदार माणूस बसलेलाच असला पाहिजे.’ येथे फायदे-तोट्यांची बेरीज-वजाबाकी राहिली नाही. एक सीमारेषा आखली गेली आणि ती रेषा तेथेच का, हे सिद्ध करण्याचे काम पुढील परिच्छेदांना मिळाले.

दाखला आणि त्याच्यामागचे ‘म्हणून’

दुसऱ्या फेरीत प्रत्येक उदाहरणाच्या पुढे समासात ‘म्हणून काय?’ असे लिहावे आणि निबंधात त्याचे उत्तर शोधावे. बहुतेक खर्ड्यांत ते नसते. विद्यार्थी लिहितो: ‘आता बँकांत पासबुक छापणारी यंत्रे आली आहेत. माझ्या आजोबांना ती वापरता येत नाहीत. यावरून यंत्रांमुळे माणुसकी हरवते हे सिद्ध होते.’ पहिली दोन वाक्ये खरी असतील, पण त्यांवरून तिसरे निघत नाही. फार तर आजोबांना कोणीतरी यंत्र शिकवावे, एवढेच निघते.

हाच दाखला वरील भूमिकेखाली पुन्हा लिहून पाहू. ‘पासबुकात नोंदी छापण्याचे काम यंत्र कारकुनापेक्षा जलद आणि सुवाच्य करते, आणि त्याबद्दल माझ्या आजोबांची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती या महिन्याचे निवृत्तिवेतन नोंदीत दिसत नाही तेव्हा. यंत्राने पान अचूक छापलेले असते. चूक असेल तर ती अन्यत्र आहे, आणि ती कोठे आहे हे विचारण्यासाठी पूर्वी जी खिडकी होती ती बंद झालेली असते. आजोबांना तेथे हवी असते ती सहानुभूती नव्हे. त्यांना कोणाकडून तरी उत्तर मागायचे असते.’ घटना तीच राहिली, परंतु आता ती सीमारेषेच्या दोन्ही बाजू दाखवते. उदाहरण घरगुती असल्याने गुण कमी होतील ही भीती अनाठायी आहे. परीक्षक दाखल्याचा दर्जा त्यातून काढलेल्या अर्थावरून ठरवतो.

इतिहासातील दाखला वापरायचा असेल, तर तो ज्याची खडान्खडा माहिती आहे असाच घ्यावा. यंत्रांचा विषय निघाला की अनेक जण १८११ पासून इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या परिसरात मोजे विणण्याचे माग फोडणाऱ्या लडाइट कामगारांना पुढे करतात आणि ‘त्यांना प्रगती नको होती’ असे एका वाक्यात उरकतात. वस्तुतः ते स्वतः यंत्रांवर काम करणारे कसबी कारागीर होते. त्यांचा रोष घसरती मजुरी आणि निकृष्ट माल यांवर होता. एवढी एक गोष्ट ठाऊक असलेला विद्यार्थी त्या दाखल्यातून ‘भांडण यंत्राशी नव्हते, ते कोणाच्या फायद्यासाठी चालवले जाते याच्याशी होते’ असा मुद्दा काढू शकतो, आणि तो एकच परिच्छेद इतर तीन परिच्छेदांहून अधिक वजनदार ठरतो.

दुसऱ्याची बाजू

सर्वाधिक गुण येथे गळतात, म्हणून तिसरी फेरी केवळ याच कामासाठी ठेवावी. आपल्या वक्तृत्वस्पर्धांची सवय अशी की प्रतिपक्षाचे म्हणणे ‘काही लोक म्हणतात’ या शब्दांनी सुरू करावे, ते शक्य तितके दुबळे करून मांडावे आणि ‘परंतु हे चूक आहे’ म्हणून पुढे जावे. टाळ्या मिळवण्यास ते पुरते. येथील गुणदानात मात्र वरच्या श्रेणीसाठी त्या दृष्टिकोनामागची गृहीतके आणि मूल्ये तपासण्याची अपेक्षा असते.

यासाठी एक व्यायाम उपयोगी पडतो. दुसऱ्या दृष्टिकोनाच्या समर्थकाने वाचल्यावर ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणावे, अशा तीन वाक्यांत त्याची बाजू लिहावी. आपल्या विषयात ती अशी होईल: यंत्रे आली की कामे नष्टच होतात असे नाही. अमेरिकेत एटीएम सर्वत्र पसरल्यानंतरही कित्येक वर्षे बँकेतील रोखपालांची एकूण संख्या घटली नाही, कारण शाखा चालवण्याचा खर्च उतरल्याने बँकांनी अधिक शाखा उघडल्या. तेव्हा कार्यक्षमतेला विरोध करणे म्हणजे नव्या संधींना विरोध करणे होय. ही बाजू खरोखर भक्कम आहे, आणि ती भक्कम असल्याचे कबूल करूनच तिच्यातील गृहीतकाकडे बोट दाखवता येते: येथे समृद्धी मोजली आहे ती कामांच्या संख्येने आणि खर्चाने, ज्याचा अर्ज यंत्राने फेटाळला त्याला कारण कळले की नाही, हे या मापात बसतच नाही. अशा रीतीने प्रतिपक्षाला खोटे न ठरवता त्याचे माप अपुरे ठरवले की स्वतःची भूमिकाही अधिक स्पष्ट होते.

हा परिच्छेद निबंधाच्या शेपटाला जोडू नये. तो मधोमध, आपल्या पहिल्या मुद्द्यानंतर आला, तर पुढील मुद्दा त्या आक्षेपाचे उत्तर म्हणून उभा राहतो आणि मांडणीचे गुणही आपोआप सुधारतात.

घड्याळ आणि भाषा

पुनर्लेखनाच्या या तीन फेऱ्या वेळेच्या बंधनाशिवाय कराव्यात. नंतर कागद मिटून ठेवून तोच निबंध पुन्हा ४० मिनिटांत लिहावा. माझ्या मते सुरुवातीची ८ मिनिटे आराखड्याला, ५ शेवटच्या वाचनाला आणि मधली २७ लेखनाला द्यावीत. आराखड्यासाठी वेगळी पाने दिलेली असतात आणि त्यांना गुण नसतात, त्यामुळे तेथे मराठीत टिपणे काढली तरी हरकत नाही. आराखड्यात चारच गोष्टी असाव्यात: भूमिकेचे पूर्ण वाक्य, दोन दाखले व प्रत्येकासमोर त्याचे ‘म्हणून’, प्रतिपक्षाचे गृहीतक, आणि शेवट जेथे न्यायचा आहे ते ठिकाण. आठ मिनिटे रिकामी गेल्यासारखी वाटतात आणि शेजारचा विद्यार्थी भराभर लिहीत असल्याचे दिसते. त्याच्याकडे पाहू नये.

भाषेबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’, ‘सिन्स टाइम इमेमोरियल’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ आणि ‘नीड ऑफ द अवर’ ही चार वचने आढळताक्षणी खोडावीत; त्यांच्या जागी काही लिहावेच लागत नाही, यावरूनच त्यांची योग्यता कळते. अर्थ नीट ठाऊक नसलेला मोठा शब्द टाळावा. शेवटच्या पाच मिनिटांत कर्ता-क्रियापदाचा मेळ, काळ आणि सुटलेली आर्टिकल्स एवढेच पाहावे, कारण मराठीत आर्टिकलच नसल्याने आपल्या डोळ्यांना ती सुटल्याचे लवकर जाणवत नाही.

वेळ संपत आली आणि तिसरा मुद्दा अर्धवट राहिला, तर तो घाईने पूर्ण करू नये. त्यावर एक आडवी रेघ मारून भूमिकेचे परिणाम सांगणारी दोन वाक्ये लिहावीत. कागदावर लिहिताना साधी मऊ शिशाची पेन्सिलच न्यावी, कारण शाईचे पेन तेथे चालत नाही आणि क्लचपेन्सिलही चालत नाही. पेन्सिलीला टोक करून दोन जास्तीच्या ठेवाव्यात.