सीमाभागात टीबीचे रुग्ण सांभाळताना या चुका टाळा

कर्नाटकातल्या चिक्कोडी, रायबाग भागात टीबीच्या कामाला नवीन पोरंपोरी येतात, तेव्हा हातात मोबाईल आणि डोक्यात नोंदी संपवायची घाई असते. मग दर हंगामात त्याच चुका.

सगळ्यात महागात पडणारी म्हणजे ऊसतोड मजुराचा फक्त आधारकार्डावरचा पत्ता उतरवून घेणं. माणूस बीडचा नाहीतर जतचा, राहतो फडाशेजारच्या खोपटात. एका टोळीतल्या बाईला गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात खोकला थांबला. तेवढ्यात साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळीच्या मुकादमाने रातोरात ट्रक भरला. आठवड्याने आपल्या कामावरचा पोरगा गेला तर तिथे नुसत्या चुली. 'रुग्ण सापडत नाही' असा शेरा मारून गडी मोकळा! बाईने गावी जाऊन गोळ्या सोडल्या, कारण बरं वाटत होतं. पुढच्या हंगामात आली ती बेडक्यातून रक्त पडत, आणि कडेवरचं लेकरूही खोकत होतं. सहा महिने नीट घेतल्या असत्या तर विषय संपला असता.

मी पहिल्याच दिवशी वहीत तीन गोष्टी लिहितो: मुकादमाचा नंबर, गावाकडच्या भावाचा नंबर, टोळी कधी उठणार. उठायच्या आधी निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, गावच्या केंद्राकडे बदली टाकतो, वाटेत पुरतील एवढ्या गोळ्या देतो आणि तिकडच्या माणसाला स्वतः फोन करतो. निक्षय आयडी महाराष्ट्रातही तोच चालतो. मुकादमाला मात्र आजाराचं नाव सांगू नका. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायच्या आत कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, कामावरून बसला की तो कसा वागतो ते मी पाहिलंय.

दुसरी चूक निपाणीतली. विडी वळणारी बाई खोकली की घरचे म्हणतात तंबाखूची ठसक, आणि आपले लोकही मान डोलावतात. दोन आठवडे खोकला म्हणजे बेडका तपासायचा, तंबाखू असो वा नसो. सुई टोचून घ्यायची हौस तर विचारू नका. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या की चार दिवस हुशारी वाटते, कारण ते औषध टीबीलाही थोडं दाबतं. तपासणी लांबते आणि तोवर घरभर लागण.

बाकीचं थोडक्यात. डबीत लाळ नको, सकाळी चूळ भरून खोल खोकून काढलेला बेडका हवा. टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल होणार हे आधीच सांगा, नाहीतर बाई घाबरून गोळ्या फेकते. साखर आणि एचआयव्ही तपासल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका. घरातल्या सगळ्यांना, लेकरांना आधी, तपासणीला न्या. कन्नडमध्ये भराभर सांगून 'समजलं ना मावशी?' विचारलं तर ती हो म्हणणारच. गोळ्या कशा घेणार ते तिच्याकडून मराठीत वदवून घ्या.

आणि रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे. नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, पण खातं चालू असेल तरच. पासबुक गावी राहिलंय म्हणाली तर त्याच दिवशी भावाला फोन लावून फोटो मागवा.