पावसाळ्यात पारडांना चुनी, कोंडा, पेंड देताना

म्हशींची वीण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत जास्त होते. म्हणजे आरे, गोरेगाव, जोगेश्वरीच्या तबेल्यांत लहान पारडं, म्हणजे म्हशीची वासरं, नेमकी दमट हवेत वाढतात, आणि खुराक तर सगळा गोणीतून येतो. डाळ मिलची तूरचुनी (तूरडाळ करताना उरलेला टरफलं-कणीचा चुरा), गिरणीतला गव्हाचा कोंडा, तेल काढून उरलेली पेंड, बिअर कारखान्याचा ओला चोथा. यातलं बरंच पारडांनाही चालतं. पण म्हशीच्या आंबोणातलंच (भिजवलेल्या खुराकातलंच) मूठभर त्यांच्यापुढे टाकू नका.

पारडाचं कोटीपोट, म्हणजे चारा आंबवून पचवणारा पोटाचा मोठा कप्पा, जन्मतः तयार नसतं. ते नीट काम करू लागायला साधारण तीन महिने जातात. म्हणून आधी चीक (व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध), तोही जन्मल्यापासून तासा-दोन तासांत. मग वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध. दुसऱ्या आठवड्यापासून दूध पाजून झालं की चिमूटभर कोरडा खुराक तोंडाला लावा, चव कळली की पारडू स्वतःच चाटू लागतं. कोटीपोटाला कामाला लावतो तो हाच दाणा. पारडू रेडा, म्हणजे नर असेल तर चीक-दुधात हात आखडला जातो, हे मनाला लागतं. त्याचंही पोट तेवढंच आहे.

१०० किलो खुराकासाठी मक्याची भरड ४०, शेंगदाणा पेंड २५, गव्हाचा कोंडा १७, तूरचुनी १५, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो घ्या. यात प्रथिनं १८-२० टक्क्यांच्या आसपास बसतात. शेजारी स्वच्छ पाणी हवंच.

सरकी पेंड मात्र पहिले चार महिने नको. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या म्हशीचं कोटीपोट निभावून नेतं, पारडाला ते जमत नाही, हृदयावर ताण येतो. युरिया घातलेला खुराक सहा महिन्यांपर्यंत लांबच ठेवा.

आता पावसाळ्याचा खरा धोका, बुरशी. शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार झालं की ते उकळून जात नाही, उन्हात वाळवूनही जात नाही. विषारी पेंड म्हशीने खाल्ली तर ते दुधातही उतरतं, आणि तेच दूध पारडू पितं. म्हणून गोणी उघडताच वास घ्या, हाताने चुरून बघा. गुठळ्या, हिरवट-काळी झाक, कुबट वास दिसला की ती गोणी बाद. वरचा थर काढून उरलेलं वापरू नका, मोठ्या जनावरालाही नको. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा आणि आठ-दहा दिवसांपुरताच माल घ्या. भाताचा कोंडा तेलकट असल्याने लवकर खवट होतो, तो ताजाच वापरा.

बिअरच्या ओल्या चोथ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. या हवेत तो दोन दिवसांत आंबतो. तीन महिन्यांखालच्या पारडांना तो देऊच नका. पुढे द्यायचा तर त्याच दिवशी आलेला, थोडासा, कोरड्या वैरणीबरोबर.

खुराक बदलायचा असेल तर आठवडाभरात हळूहळू बदला. हगवण लागली तर नवा खुराक लगेच थांबवा, दूध-पाणी चालू ठेवा. शेण पांढरट, घाण वासाचं असेल तर दोष खुराकाचा नसून जंतांचाही असू शकतो. लहान पारडांना जंत आईच्या दुधातूनही होतात, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पशुवैद्यकाला विचारून जंताचं औषध पाजून घ्या.